शेतीसंरक्षणासाठी बंदूक घेताय? आधी हे तपासा

रानडुकरं भुईमूग, मका उकरून टाकतात, तेव्हा परवान्याची बंदूक घ्यावी असं अनेकांना वाटतं. मात्र मोबाईलवर दिसणाऱ्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलचा विचार सोडा. शेतीसंरक्षणासाठी ठासणीची किंवा १२ बोअरची एकनळी-दुनळी बंदूकच घेतली जाते.

परवाना : जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुदत ५ वर्षे आहे.

कंपनी : बंदुकीवर कारखान्याचं नाव, नंबर आणि चाचणीचा शिक्का स्पष्ट हवा. खोडलेला नंबर दिसला तर हातही लावू नका, तो गुन्हा आहे. दुरुस्ती आणि सुटे भाग जवळ मिळतात का, हे विचारा. किमतीत थोडा फरक असला तरी हेच पुढे परवडतं.

नळी : बंदूक रिकामी असल्याची खात्री करून नळीत बघा. आत गंज किंवा पोचा नको. बंद केल्यावर सांधा हलता कामा नये.

काडतूस : जुन्या ६५ मिमी घराच्या बंदुकीत ७० मिमी काडतूस वापरू नका, बंदूक फुटू शकते.

आणि लक्षात ठेवा, बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. रानडुक्कर मारायचं तर वनविभागाची लेखी परवानगी आधी घ्या.