भारतीय आहार मार्गदर्शक तत्त्वांतील उष्णकटिबंधीय फळे

भारतीयांसाठीची आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था तयार करते. ही संस्था भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अखत्यारीत आहे. त्यांची सुधारित आवृत्ती मे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली असून तीत १७ तत्त्वे आहेत. या तत्त्वांनुसार २,००० किलोकॅलरींच्या दैनंदिन आहारात ४०० ग्रॅम भाज्या व १०० ग्रॅम फळे असावीत. जागतिक आरोग्य संघटनेने फळे व भाज्या मिळून दररोज किमान ४०० ग्रॅमची शिफारस केली आहे.

फळांची निवड

मार्गदर्शक तत्त्वांत हंगामी व स्थानिक फळांना प्राधान्य आहे; महागडे वा आयात केलेले फळ आवश्यक मानलेले नाही. आंबा व पपई यांतून बीटा-कॅरोटीन मिळते. पेरूमध्ये संत्र्यापेक्षा कितीतरी अधिक क जीवनसत्त्व असते. जेवणासोबत असे फळ खाल्ल्यास धान्ये, डाळी व पालेभाज्यांतील लोह शरीरात अधिक शोषले जाते. रस गाळल्याने तंतुमय पदार्थ घटतात, म्हणून रसापेक्षा अखंड फळ खाणे योग्य ठरते.

बीड जिल्ह्यातील सीताफळ

सीताफळ मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतील असले तरी बालाघाटच्या डोंगररांगांतील हलक्या, मुरमाड जमिनीत ते चांगले रुजले आहे. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले असून अंबाजोगाई येथे सीताफळ संशोधन केंद्र आहे. १०० ग्रॅम गरातून सुमारे १०० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. पपईतून मिळणारी ऊर्जा याच्या निम्म्याहूनही कमी असते. दोनशे-अडीचशे ग्रॅम वजनाच्या एका सीताफळातून साधारण १०० ग्रॅम गर निघतो, म्हणजे एका फळात दिवसाची शिफारस जवळपास पूर्ण होते. शर्करा अधिक असल्याने मधुमेही व्यक्तींनी प्रमाण सांभाळणे आवश्यक असते. बिया विषारी असल्याने त्या चावू नयेत.

झाडावरून काढलेले फळ दोन-तीन दिवसांत पिकते व लवकर खराब होते. त्यामुळे दूरच्या बाजारपेठेत ते पाठवणे कठीण जाते आणि गर काढून गोठवण्याची प्रक्रिया महत्त्वाची ठरते.

उपवास आणि फळे

बीड जिल्ह्यातील नारायणगड हे ‘धाकटी पंढरी’ म्हणून ओळखले जाणारे क्षेत्र असून तेथे आषाढी एकादशीला भाविकांची गर्दी होते. उपवासाच्या खाद्यपदार्थांसाठी रूढ असलेला ‘फराळ’ हा शब्द ‘फलाहार’ या शब्दापासून आला आहे. प्रत्यक्षात मात्र फराळात साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे व तळलेले पदार्थ यांचे प्रमाण मोठे असते. साबुदाण्यात जवळजवळ केवळ पिष्टमय पदार्थ असतात. त्यामुळे केळी, पेरू वा पपई यांचा समावेश केल्यास उपवासाचा आहार मार्गदर्शक तत्त्वांच्या अधिक जवळ येतो. कार्तिकी एकादशीच्या सुमारास सीताफळही मिळू शकते.

शालेय आहार

महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडी देण्याचा निर्णय घेतला. अंडी न खाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी केळी किंवा स्थानिक फळाची तरतूद होती. जानेवारी २०२५ मध्ये यासाठीचा राज्याचा स्वतंत्र निधी बंद करण्यात आला व लोकसहभागाचा पर्याय ठेवण्यात आला. आठवड्यातून एक फळ हे प्रमाणही दररोज १०० ग्रॅमच्या शिफारशीपेक्षा बरेच कमी होते.

हेही पहा

सीताफळ
बीड जिल्हा
राष्ट्रीय पोषण संस्था