मांडीवरची गिटार

रॉक संगीताचा इतिहास लिहिणाऱ्यांची एक सवय आम्हांस नेहमी खटकत आली आहे. गिटार गळ्यात अडकवून रंगमंचावर उभा राहिलेला वादक त्यांना चटकन दिसतो. परंतु त्याच रंगमंचाच्या कडेला, मांडीवर वाद्य आडवे घेऊन खाली मान घालून बसलेला दुसरा वादक मात्र त्यांच्या नजरेस पडत नाही. ह्या बसलेल्या वादकाविषयी चार शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते.

प्रथम वाद्याची ओळख. हिला इंग्रजीत लॅप स्टील म्हणतात. आपल्याकडे हवाईयन गिटार ह्या नावानेच ती ठाऊक आहे. साध्या गिटारीत बोटांनी तार पडद्यावर दाबावयाची असते. येथे तारा इतक्या उंच चढविलेल्या असतात की त्या पडद्यास टेकतच नाहीत. डाव्या हातातील गुळगुळीत पोलादी कांडी तारांवरून सरकवावयाची व उजव्या हाताने तार छेडावयाची. पडदे केवळ जागा दाखविण्यापुरते उरतात. त्यामुळे एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधली सारी वाट ऐकू येते. आपण जिला मींड म्हणतो ती येथे अलंकार नसून वाद्याचा सहजस्वभावच आहे. मात्र ह्या सोयीची किंमतही मोजावी लागते. कांडी सरळ असल्याने सर्व तारा एकाच रेषेत थांबतात व स्वरमेळ थोडेच मिळतात; कांडी तिरपी धरून काही अधिक साधतात, पण ते काम कसलेल्या हाताचे.

हवाई बेटांतील जोसेफ केकुकू ह्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत रूढ केली, असे सामान्यतः मानतात. शाळकरी वयात रुळांच्या कडेला सापडलेला बोल्ट त्याने तारांवर फिरवून पाहिला, अशी हकीकत सांगतात. दुसरा एक पक्ष गेब्रिएल डेव्हियन नावाच्या खलाशास हा मान देतो, आणि गंमत अशी की तो हिंदुस्थानात जन्मलेला होता असे म्हणतात. ह्या दुसऱ्या कथेने आमच्यापैकी पुष्कळांस हर्ष होतो, हे आम्ही जाणतो.

हर्ष होण्यास कारणही घरचेच आहे. बुलढाण्याकडून अजिंठ्याचे डोंगर ओलांडून नैर्ऋत्येस गेले की देवगिरी लागते. तेराव्या शतकात तेथे यादव राजा सिंघण ह्याच्या आश्रयास शार्ङ्गदेव होता. पुढे ज्या श्रीकरणाच्या कारभारावर हेमाद्री आला, त्याच कारभारात हा गृहस्थ. आणि त्याने संगीतरत्नाकर लिहिला. त्यात एकतंत्री वीणेचे वर्णन आहे. एकच तार, आणि तिच्यावर डाव्या हाताने फिरवावयाची कम्रिका नावाची वेळूची कांडी. लोणारची व मेहकरची जुनी शिल्पकामे पाहणाऱ्या आमच्यासारख्या वऱ्हाडी माणसास हे वाचून वाटावे की हवाईची गिटार म्हणजे आपल्याच यादवांच्या वीणेची पणती! पण साम्य म्हणजे वंश नव्हे. ताणलेल्या तारेवर कठीण वस्तू सरकविली असता आवाज घसरतो, हे जगात कोठेही कोणासही सापडण्याजोगे आहे. वेळूपासून पोलादापर्यंत वंशावळ जोडण्याचा मोह आम्ही टाळतो. आम्हांस महत्त्व वाटते ते निराळ्या गोष्टीचे: ह्या नादासाठी आमचे कान आधीपासून तयार होते.

१९१५ साली सान फ्रान्सिस्को येथे मोठे प्रदर्शन भरले. तेथे हवाईच्या वादकांनी लोकांस वेड लावले व अमेरिकाभर त्या संगीताची लाट उसळली. पुढे नृत्यगृहांत वाद्यवृंद मोठे झाले आणि मांडीवरच्या ह्या वाद्याचा क्षीण आवाज त्यात बुडू लागला. तेव्हा १९३१-३२ च्या सुमारास रिकनबॅकर कंपनीने लांब दांड्याच्या तव्यासारखी, ॲल्युमिनियमची, विजेवर चालणारी गिटार काढली. लोक तिला फ्राइंग पॅन म्हणत. वाचकांनी हे ध्यानात घ्यावे की बाजारात यशस्वी ठरलेली ही पहिली विजेची गिटार मांडीवरचीच होती. लिओ फेंडर ह्याने देखील प्रथम मांडीवरच्याच गिटारी बनविल्या. उभ्याने वाजवावयाची त्याची प्रसिद्ध गिटार १९५० च्या सुमाराची. म्हणजे ज्या वाद्याच्या नावाने रॉकचा जयघोष होतो, ते ह्या उपेक्षित वाद्याचे धाकटे भावंड आहे.

टेक्ससच्या नृत्यवृंदांत बॉब डन ह्याने जानेवारी १९३५ मध्ये विजेची पोलादी गिटार ध्वनिमुद्रित केली. ती हवाईच्या संथ लाटांसारखी नव्हती. पितळी तुतारीसारखी तुटक व ठसठशीत होती. हाच धागा पुढे बिल हेलीपर्यंत येतो. हेलीचा वृंद आधी सॅडलमेन ह्या नावाने गुराख्यांची गाणी वाजवी. १९५२ मध्ये त्याने नाव बदलले, गाण्यांची चाल बदलली, पण पोलादी गिटार वाजविणारा बिली विल्यमसन तसाच राहिला. १२ एप्रिल १९५४ रोजी न्यूयॉर्क येथे ‘रॉक अराउंड द क्लॉक’ मुद्रित झाले, त्यात तो आहे. त्या गाण्यातील डॅनी सेड्रोनची वेगवान तान सर्वांस पाठ असते, आणि ती आहेही तशीच. परंतु आमची वाचकांस विनंती आहे की एकदा ती तान सोडून बाकीचे ऐकावे. विल्यमसन तेथे राग आळवीत नाही. तो ढोलाच्या ठोक्यास धार लावतो; एखाद्या सुतकताईच्या गिरणीत पट्टा मधूनच किंचाळावा तसा त्याचा स्वर येतो आणि जातो. मींडेचे वाद्य त्याने तालाच्या सेवेस लावले, हीच त्याची कल्पकता. चक बेरी ह्याने १९५७ साली ‘डीप फीलिंग’ ह्या रचनेत उलट केले. गाणे नाही, घाई नाही; पोलाद तारेवर हळूहळू सरकते आणि काळ्या लोकांच्या ब्लूज गायनातील हुंदका त्यातून उमटतो.

आणि १९५९ चे ‘स्लीप वॉक’. ब्रुकलिनच्या सांतो व जॉनी फरीना ह्या भावांची ती शब्दरहित रचना. पोलादी गिटार सांतोच्या हाती. त्या सप्टेंबरात अमेरिकेत ती पहिल्या क्रमांकावर होती. त्यानंतर मात्र हे वाद्य रॉकच्या दारातून बाहेर पडले. बसून वाजविणारास नाचता येत नाही, आणि नव्या रंगमंचास नाचणाराच हवा होता. गावरान गायनाच्या वृंदांत पायदाणांची नवी पोलादी गिटार आली व तिने जुनीची जागा घेतली.

आपल्याकडे काय झाले? हवाईचे वादक आशियाभर फिरले. टाउ मो ह्याचे कुटुंब दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कलकत्त्यास राहिले, आणि त्या शहरात ह्या गिटारीची पिढीच उभी राहिली. मुंबईच्या चित्रपटांत व्हॅन शिपली व हजारा सिंग ह्यांनी ती आणली. शिपलीच्या व पुण्याचे अकॉर्डियनवादक ईनॉक डॅनियल्स ह्यांच्या तबकड्या खेडोपाडी पोचल्या. आमच्या लहानपणी खामगावच्या बाजारपेठेत कापसाच्या हंगामात एका शिंप्याच्या दुकानातील रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधल्या फटीत हीच गिटार वाजे. गाडीवान बैल थांबवून ऐकत. शब्द नसूनही गाणे कोणते ते सारे ओळखीत, कारण ही गिटार गळ्याप्रमाणे बोलते.

आमच्या गायनाच्या मास्तरांना ते मान्य नव्हते. ‘हे रडके सिनेमाचे वाद्य,’ असे म्हणून ते पेटी पुढे ओढीत. त्या पेटीचाही इतिहास ध्यानात घ्यावा. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला बंदी केली. कारण असे की तिचे स्वर पायरीपायरीने चालतात, तिला मींड काढता येत नाही. ही बंदी १९७१ पर्यंत कमीअधिक टिकली. गोविंदराव टेंब्यांच्या महाराष्ट्रास हा निर्णय किती लागला असेल ते सांगणे नको. आता न्याय पाहा. परदेशी असून मींड काढता येत नाही म्हणून पेटी दोषी. मग परदेशी असून मींडेवाचून काहीच काढीत नाही त्या गिटारीस मानाचे आसन मिळावयास हवे होते. पण ती राहिली सुगम संगीतापुरती. १९५२ साली केसकर मंत्री झाले व चित्रपटगीतांवरच गदा आली. लोक रेडिओ सिलोनकडे वळले आणि गिटार त्यांच्यामागे गेली. आमच्या मते येथे कसोटी मींडेची नव्हतीच. वाद्य कोणाच्या संगतीत दिसते, त्यावरून निकाल दिला गेला.

तो निकाल फिरविला ब्रिजभूषण काब्रा ह्यांनी. जोधपूरचे काब्रा अली अकबर खाँ ह्यांचे शिष्य. त्यांनी मांडीवरच्या गिटारीवर आलाप मांडला. १९६७ च्या सुमारास शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया ह्यांच्यासमवेत त्यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी निघाली. पुढे विश्वमोहन भट्ट ह्यांनी ह्या वाद्याचे रूपच पालटून मोहनवीणा केली आणि १९९४ मध्ये राय कूडर ह्या अमेरिकन वादकासह ग्रॅमी पारितोषिक मिळविले. तेथे ब्लूजची घसरती तार व आपली मींड शेजारी बसलेली ऐकू येतात.

काब्रांची तबकडी आम्ही एका सुटीत मास्तरांच्या घरी नेली. वाद्याचे नाव सांगितले नाही. अहिरभैरवाचे स्वर सुरू झाले तसे ते पेटीवरचा हात काढून बसले. कोमल ऋषभावर गिटार आंदोलत राहिली तेव्हा त्यांनी डोळे मिटले, आणि ती बाजू संपल्यावर एवढेच म्हणाले, ‘सुई जरा मागे घे.’