राखेचा बांध आणि झऱ्याचे पाणी

भुसावळजवळ दीपनगरच्या औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच १९६८ साली सुरू झाला. तो आता बंद आहे. पण नव्या संचांत कोळसा जळतो आहे. त्याची राख पाण्यात कालवून वेल्हाळ्याच्या बंडात सोडतात. पाणी निथळते, राख बांधाआड साचते. वरून सुकलेली राख पायाखाली घट्ट लागते. मग अशी राख वाहू कशी शकते?

तापीकाठच्या मुलांना याचे अर्धे उत्तर ठाऊक असते. ओल्या वाळूवर एकाच जागी पाय आपटत राहिले, की वाळू लिबलिबीत होते आणि पाय रुततो. वाळूचे कण एकमेकांवर टेकून भार पेलतात. हादऱ्याने ते जवळ सरकू पाहतात, पण मधले पाणी लगेच बाहेर पडू शकत नाही. भार पाण्यावर येतो, कणांचा आधार सुटतो. यालाच द्रवीभवन म्हणतात.

कॅलिफोर्नियातले कॅलावेरास धरण बांधकाम चालू असतानाच १९१८ साली घसरले. ॲलन हेझन यांनी १९२० मध्ये त्याची अशीच उपपत्ती मांडली. पाण्याचा दाब वजा करून उरेल तोच मातीचा खरा आधार, हे कार्ल टेर्झागी यांनी १९२५ च्या ग्रंथात मांडले. म्हणजे ज्ञान हाताशी होते.

तरीही वेल्समधील ॲबरफान गावाच्या वर, कोळसा खाणीतल्या टाकाऊ मालाचा ढीग १९५८ पासून झऱ्यावरच रचला गेला. झरा नकाशात होता. १९६३ साली ढीग एकदा घसरलाही होता. शाळेमागच्या धोक्याबद्दल स्थानिक अभियंत्याने लेखी कळवलेही होते. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी, शाळा नुकतीच भरली असताना, ढीग चिखल होऊन खाली आला. १४४ जण गेले. त्यांत ११६ मुले होती.

आपल्याकडे जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बांध मुसळधार पावसात फुटला. प्रत्येक फुटीमागे द्रवीभवनच असते असे नाही. पाणी बांधावरून वाहिले किंवा आतून झिरपत राहिले, तरी बांध फुटतो. पण दरवेळी पाहायचे ते पाण्याकडेच.

वर्गात आपण एवढे करू या. बरणीत पाणी घेऊन वाळू सावकाश सोडायची, वर दगड ठेवायचा आणि बरणीला टिचक्या मारायच्या. दगड रुततो, पाणी वर येते. मग गावाजवळच्या एखाद्या ढिगाकडे लांबूनच बोट दाखवून विचारायचे: याच्या पोटात पाणी कुठून येते, आणि जाते कुठे? ॲबरफानला हाच प्रश्न वेळेवर विचारला गेला नाही.