निवृत्तिवेतन, शासकीय : कायद्यातील बदल

निवृत्तिवेतन, शासकीय : कायद्यातील बदल. केंद्र व राज्य शासनांच्या सेवेतून निवृत्त होणाऱ्यांना मिळणारे मासिक निवृत्तिवेतन, उपदान आणि कुटुंब निवृत्तिवेतन यांच्या नियमांत झालेले व सुचवले गेलेले फेरबदल. भारतात हा विषय मुख्यतः २००४ नंतर ऐरणीवर आला. त्या वर्षापासून केंद्राच्या सेवेत येणाऱ्यांसाठी ठरावीक निवृत्तिवेतनाची हमी संपली आणि अंशदानावर चालणारी पद्धत आली. महाराष्ट्रात हेच १ नोव्हेंबर २००५ पासून घडले. इतका दूरगामी बदल विधिमंडळात सविस्तर चर्चा होऊन झाला नाही. तो अधिसूचना आणि शासन निर्णय यांच्या वाटेने आला, आणि कायदा बहुतेक वेळा मागाहून आला. या विषयातील अनेक तंट्यांचे मूळ तेथे आहे.

शासकीय सेवकांच्या सेवाशर्ती ठरवण्याचा अधिकार संविधानाच्या अनुच्छेद ३०९ ने विधानमंडळाला दिला आहे; मात्र कायदा होईपर्यंत राष्ट्रपती व राज्यपाल यांना नियम करण्याची मुभाही त्याच अनुच्छेदात आहे. ही तात्पुरती मुभाच पुढे कायमची रीत झाली. केंद्राचे निवृत्तिवेतन नियम १९७२ चे (२०२१ मध्ये नव्याने केलेले), तर महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम १९८२ चे. दोन्ही नियम आहेत, अधिनियम नाहीत. आमदारांच्या निवृत्तिवेतनासाठी मात्र राज्यात १९७६ चा स्वतंत्र अधिनियम आहे, आणि त्यात वाढ करायची तर विधेयक सभागृहात मांडावे लागते. तलाठ्याच्या किंवा परिचारिकेच्या निवृत्तिवेतनात कपात करायला तेवढेही लागत नाही. ही विषमता पुरेशी चर्चिली गेलेली नाही.

जुन्या पद्धतीत, म्हणजे कर्मचारी ज्याला ‘जुनी पेन्शन’ म्हणतात तीत, हिशेब सोपा असतो. अखेरच्या मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम दरमहा, तिच्यावर महागाई भत्ता, आणि प्रत्येक वेतन आयोगानंतर फेरआकारणी. साठ हजार मूळ वेतनावर निवृत्त झालेल्याला तीस हजार व त्यावरील महागाई भत्ता मिळतो. त्यातला ४० टक्क्यांपर्यंतचा भाग अंशराशीकरण करून एकरकमी घेता येतो, आणि कमी झालेले निवृत्तिवेतन केंद्रात १५ वर्षांनी पूर्ववत होते. निवृत्तिवेतनासाठी पगारातून कपात होत नाही. भविष्य निर्वाह निधीची कपात होते, पण ती कर्मचाऱ्याची स्वतःची बचत असते. या खर्चासाठी शासन वेगळा निधी साठवत नाही. ज्या वर्षी जे देणे निघेल ते त्या वर्षीच्या महसुलातून भागवले जाते. आयुर्मान वाढले, १९७० व १९८० च्या दशकांत भरती झालेले कर्मचारी मोठ्या संख्येने निवृत्त होऊ लागले, आणि हे देणे राज्यांच्या अर्थसंकल्पात ठळक दिसू लागले. शासनांची ही चिंता खोटी नव्हती.

निवृत्तिवेतन हे धन्याने खूश होऊन दिलेले बक्षीस नव्हे, तो कर्मचाऱ्याचा मालमत्तेसारखा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने देवकीनंदन प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात १९७१ मध्ये म्हटले. त्याहून गाजला तो डी. एस. नाकरा खटल्याचा निकाल. केंद्राने १९७९ मध्ये निवृत्तिवेतनाचे सूत्र सुधारले, पण लाभ ३१ मार्च १९७९ रोजी वा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांपुरता ठेवला. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १७ डिसेंबर १९८२ रोजी ही तारखेची अट रद्द केली. निवृत्तिवेतनधारक हा एकच वर्ग आहे. केवळ कोण कधी निवृत्त झाला यावरून त्याचे दोन तुकडे पाडता येणार नाहीत, असा त्या निकालाचा आशय. १७ डिसेंबर हा दिवस तेव्हापासून देशभर पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो. पुढील निकालांनी नाकराची व्याप्ती काही बाबतींत आवळली, तरी निवृत्तांच्या संघटनांचा मुख्य आधार आजही तोच आहे.

केंद्राने २२ डिसेंबर २००३ रोजी अधिसूचना काढली आणि १ जानेवारी २००४ पासून रुजू होणाऱ्यांना, सैन्यदले वगळून, नवी योजना लागू केली. हीच पुढे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना, म्हणजे एनपीएस. कर्मचाऱ्याचे दहा टक्के, शासनाचे दहा टक्के. शासनाचा वाटा एप्रिल २०१९ पासून चौदा टक्के झाला. ही रक्कम रोखे व समभाग यांत गुंतवली जाते. निवृत्तीच्या वेळी साठ टक्क्यांपर्यंत रक्कम हाती येते आणि किमान चाळीस टक्क्यांची वार्षिकी विमा कंपनीकडून घ्यावी लागते. दरमहा किती मिळेल हे बाजारावर आणि त्या वेळच्या वार्षिकीच्या दरावर ठरते. जोखीम शासनाकडून कर्मचाऱ्याकडे गेली, हा या बदलाचा गाभा.

या योजनेला कायद्याचा आधार मिळायला मात्र दहा वर्षे लागली. डिसेंबर २००४ मध्ये अध्यादेश निघाला, मार्च २००५ मध्ये विधेयक लोकसभेत आले, डाव्या पक्षांच्या विरोधामुळे अडले आणि लोकसभेची मुदत संपताच व्यपगत झाले. २०११ मध्ये ते पुन्हा मांडले गेले. सप्टेंबर २०१३ मध्ये दोन्ही सभागृहांनी निवृत्तिवेतन निधी विनियामक व विकास प्राधिकरण अधिनियम संमत केला व तो १ फेब्रुवारी २०१४ रोजी अंमलात आला. तोवर लाखो कर्मचाऱ्यांच्या पगारातून कपात सुरू होऊन वर्षे लोटली होती. पश्चिम बंगालने ही योजना स्वीकारलीच नाही. तमिळनाडूने २००३ मध्येच स्वतःची अंशदायी योजना आणली होती आणि ती राष्ट्रीय योजनेबाहेर ठेवली.

महाराष्ट्राने ३१ ऑक्टोबर २००५ च्या शासन निर्णयाने परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना आणली. कर्मचाऱ्यांच्या तोंडी ती ‘डीसीपीएस’. दुसऱ्या दिवसापासून नियुक्त होणाऱ्याला १९८२ चे नियम लागू राहिले नाहीत, भविष्य निर्वाह निधीचे खातेही नाही. पुढे ही खाती राष्ट्रीय योजनेत वर्ग झाली. सर्वांत जास्त झळ बसली ती सेवेत असतानाच मृत्यू आलेल्यांच्या घरच्यांना. केंद्राने मे २००९ मध्येच आपल्या नव्या योजनेतील मृत कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांना जुन्या नियमांनुसार कुटुंब निवृत्तिवेतन देऊ केले होते. महाराष्ट्रात कुटुंब निवृत्तिवेतन आणि उपदान यांबाबतचा तसा निर्णय ३१ मार्च २०२३ रोजी निघाला. मधल्या चौदा वर्षांत किती घरांत कमावते माणूस गेल्यावर केवळ खात्यातील जमा रकमेवर दिवस काढावे लागले असतील, याचा विचार या इतिहासात टाळता येत नाही.

तारखेचा दुसरा फटका भरतीच्या विलंबाने बसला. जाहिरात २००५ च्या आधीची, परीक्षा आधीची, पण नियुक्तिपत्र १ नोव्हेंबरनंतर हाती पडले, अशांची संख्या राज्यात सुमारे २६,००० होती. विलंब प्रशासनाचा, नुकसान उमेदवाराचे. केंद्राने मार्च २०२३ मध्ये आपल्याकडच्या अशा कर्मचाऱ्यांना जुन्या योजनेचा एकवेळचा पर्याय दिला आणि राज्य मंत्रिमंडळाने ४ जानेवारी २०२४ रोजी तसाच निर्णय घेतला.

अनुदानित शाळांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. महाराष्ट्रात खाजगी शाळांना अनुदान टप्प्याटप्प्याने मिळते : वीस टक्के, चाळीस टक्के असे करत शंभर टक्के. नोव्हेंबर २००५ पूर्वी नेमलेला पण शाळा शंभर टक्के अनुदानावर त्यानंतर आलेला शिक्षक जुन्या योजनेत बसतो का, हा वाद वर्षानुवर्षे न्यायालयांत चालला. जुलै २०२० मध्ये शालेय शिक्षण विभागाने खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती नियमांत दुरुस्ती सुचवणारी मसुदा अधिसूचना काढली. तिचा परिणाम पूर्वलक्षी होता. ‘अनुदानित शाळा’ म्हणजे शंभर टक्के अनुदानित शाळा, अशी व्याख्या मागील तारखेपासून करून अशा शिक्षकांचा दावा मुळातूनच काढून घेतला जाणार होता. शिक्षक संघटनांनी हरकती नोंदवल्या, आंदोलने केली, आणि त्याच वर्षी मसुदा मागे घ्यावा लागला. हरकती मागवण्याची तरतूद होती म्हणूनच हे शक्य झाले. २००५ च्या शासन निर्णयाला तशी कसोटी लागलीच नव्हती.

२०२२ पासून वारे फिरले. राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब आणि त्यानंतर हिमाचल प्रदेश यांनी जुनी योजना परत आणण्याचे जाहीर केले. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ च्या नागपूर अधिवेशनात तत्कालीन उपमुख्यमंत्री व अर्थमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जुनी योजना आणल्यास १ लाख १० हजार कोटी रुपयांचा बोजा पडेल व राज्य दिवाळखोरीत जाईल, असे सांगून नकार दिला. लगेच झालेल्या विधान परिषदेच्या शिक्षक व पदवीधर मतदारसंघांच्या निवडणुकांत हा विषय प्रचाराच्या केंद्रस्थानी आला. १४ मार्च २०२३ पासून राज्यातील शासकीय, निमशासकीय कर्मचारी व शिक्षक ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत बेमुदत संपावर गेले. अवकाळी पावसाने पिकांची नासाडी झालेली आणि पंचनामे करायला माणूस नाही, रुग्णालयांत शस्त्रक्रिया लांबलेल्या, दहावी-बारावीच्या परीक्षा चालू, अशी ती परिस्थिती. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या आश्वासनानंतर २० मार्च रोजी संप मागे घेण्यात आला.

सुबोधकुमार, के. पी. बक्षी आणि सुधीरकुमार श्रीवास्तव या निवृत्त सनदी अधिकाऱ्यांच्या समितीने जुन्या व राष्ट्रीय योजनांचा तौलनिक अभ्यास केला. १ मार्च २०२४ रोजी मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात सुधारित योजना जाहीर केली : अंशदान चालू राहील, पण अखेरच्या वेतनाच्या पन्नास टक्के निवृत्तिवेतन व त्यावर महागाईवाढ यांची हमी शासन घेईल, आणि त्याच्या साठ टक्के कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल. बाजारातील तूट भरून काढण्याची जबाबदारी पुन्हा शासनाकडे आली. संपकऱ्यांना हवी तशी जुनी योजना ही नव्हे, पण २००५ चे मूळ तत्त्व, म्हणजे सगळी जोखीम कर्मचाऱ्याची, येथे सोडून दिले गेले. हा बदल संपाने घडवला, हे नोंदवलेच पाहिजे.

केंद्रातही वित्त सचिव टी. व्ही. सोमनाथन यांच्या समितीनंतर मंत्रिमंडळाने २४ ऑगस्ट २०२४ रोजी एकीकृत निवृत्तिवेतन योजना मंजूर केली. दुसऱ्याच दिवशी ती स्वीकारणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य ठरले. केंद्रात ती १ एप्रिल २०२५ पासून लागू आहे. पंचवीस वर्षे सेवा झालेल्याला अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे, सेवा कमी असल्यास त्या प्रमाणात, आणि दहा वर्षे सेवेला किमान दहा हजार रुपये, अशी तिची रचना. कर्मचाऱ्याचे दहा टक्के कायम. शासनाचा भार साडेअठरा टक्के, त्यातील साडेआठ टक्के सामायिक निधीत. याखेरीज सेवेच्या प्रत्येक पूर्ण सहामाहीमागे वेतन व महागाई भत्ता यांच्या दहाव्या हिश्शाइतकी एकरकमी रक्कम मिळते. पंचवीस वर्षांच्या सेवेत पन्नास सहामाह्या होतात, म्हणजे सुमारे पाच महिन्यांचा पगार. मोबदल्यात एक गोष्ट सोडावी लागते, आणि ती लहान नाही. एनपीएसमधील शिल्लक कर्मचाऱ्याची स्वतःची असते. येथे हमीच्या बदल्यात ती निवृत्तीच्या वेळी सामायिक निधीत जाते. निवृत्तीनंतर अल्पकाळात पती-पत्नी दोघेही गेले, तर वारसांच्या हाती त्यातले फारसे उरत नाही. पर्याय निवडण्याची मुदत केंद्राला वारंवार वाढवावी लागली, यामागे हा हिशेब असावा.

या सर्व घडामोडींत विधानसभेत रीतसर विधेयक आणून योजना बदलणारे राज्य म्हणून आंध्र प्रदेशाचा उल्लेख करावा लागतो. तेथे २०२३ मध्ये हमीयुक्त निवृत्तिवेतनाचा अधिनियम संमत झाला. जुनी योजना परत आणणाऱ्या राज्यांची अडचण वेगळी होती. राष्ट्रीय योजनेत जमा झालेली रक्कम राज्याला परत देण्याची तरतूद २०१३ च्या अधिनियमात नाही, अशी भूमिका केंद्राने घेतली, त्यामुळे घोषणा झाली तरी निधी अडकून राहिला. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या मासिक पत्रिकेतील अभ्यासानुसार सर्व राज्ये जुन्या योजनेकडे वळल्यास दीर्घकाळात एकूण भार राष्ट्रीय योजनेच्या सुमारे साडेचारपट होईल.

निवृत्तांच्या दृष्टीने सर्वांत गंभीर बदल २०२५ च्या वित्त अधिनियमातून आला, आणि त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले. २००६ पूर्वी निवृत्त झालेल्यांच्या निवृत्तिवेतनावरून दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये निवृत्तांच्या बाजूने निकाल दिला व सर्वोच्च न्यायालयात केंद्राची याचिका टिकली नाही. त्यानंतर वित्त विधेयकातच एक भाग घालून केंद्राने निवृत्तिवेतनधारकांत वर्गवारी करण्याचा अधिकार आपल्याला आहे व नेहमीच होता, असे १ जून १९७२ पासून पूर्वलक्षी प्रभावाने जाहीर केले. निवृत्तीची तारीख हा या वर्गवारीचा आधार मानला. नाकरा निकालाने जो भेद नाकारला, नेमका त्यालाच कायद्याचे बळ मिळाले. सातव्या वेतन आयोगाने दिलेली समानता यामुळे बाधित होत नाही, असे अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी संसदेत स्पष्ट केले. तरीही इतक्या मूलभूत हक्काचा प्रश्न स्वतंत्र विधेयकाऐवजी अर्थसंकल्पासोबतच्या वित्त विधेयकात निकाली काढणे योग्य नव्हते.

आठव्या केंद्रीय वेतन आयोगाची कार्यकक्षा केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर केली. मुंबई उच्च न्यायालयात व नंतर सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती राहिलेल्या रंजना प्रकाश देसाई या आयोगाच्या अध्यक्ष आहेत. शिफारशी करताना अंशदानाविना चालणाऱ्या निवृत्तिवेतन योजनांचा निधीविना राहिलेला खर्च आयोगाने विचारात घ्यावा, असे कार्यकक्षेत म्हटले आहे. जुन्या योजनेतील निवृत्तांच्या संघटनांनी या उल्लेखाला हरकत घेतली असून तो वगळावा अशी मागणी केली आहे.