दाखल्यांची गोष्ट

विधवा, परित्यक्ता अशा निराधारांसाठी आपल्या राज्यात संजय गांधी अनुदान योजना १९८० साली सुरू झाली. त्र्यंबकेश्वर तालुका मात्र १९९९ साली झाला. तोवर तहसिलीच्या कामाला नाशिक गाठावे लागे. निराधार बाईने गाडीभाडे कोठून आणावे?

२०२४ साली लाडकी बहीण योजना निघाली. महिना १,५०० रुपये, वय २१ ते ६०, घरचे उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत. शेजारच्या बासष्ट वर्षांच्या काकू हिरमुसल्या; पण जुलैतच मर्यादा ६५ केली. माझे घोडे अधिवास दाखल्यापाशी अडले होते. तेव्हाच शाळा सोडल्याचा दाखलाही चालेल असे ठरले. माझा सातवीचा दाखला ट्रंकेच्या तळाशी निघाला. त्यावरचे माहेरचे नाव मी कितीतरी वर्षांनी मोठ्याने वाचले.