देखरेख आणि कारभार : धर्मग्रामाच्या व्यवहारातील काही शब्दांविषयी

काही वर्षांपूर्वी उपनगरातील एका धर्मग्रामाच्या सभेत चर्चच्या छपराच्या दुरुस्तीचा विषय निघाला. खर्च अंदाजापेक्षा बराच वाढला होता. एका वयोवृद्ध भगिनीने उभे राहून विचारले, "ह्याचा हिशेब आम्ही कुणाकडे मागायचा?" एकाने कमिटीचे नाव घेतले, दुसऱ्याने फादरांचे, तिसऱ्याने ट्रस्टींचे, तर चौथ्याने "बिशप हाऊस" असे सांगून विषय संपविला. भगिनी खाली बसल्या. आम्ही त्या सभेस उपस्थित होतो आणि खरे सांगायचे तर नेमके उत्तर आम्हांलाही देता आले नसते. कोण कारभार पाहतो, कोण सल्ला देतो आणि कोण त्यावर देखरेख ठेवतो, ही तीन कामे आपण एकाच 'कमिटी' शब्दात गुंडाळून टाकली आहेत. वाचक बंधुभगिनींनो, हे शब्द वेगळे करून पाहण्यासाठी हा लेख लिहीत आहोत.

प्रथम देखरेखीचे शब्द घेऊ. ह्या शब्दांच्या मुळाशी बहुधा 'पाहणे' असते. संस्कृत 'ईक्ष्' ह्या धातूपासून निरीक्षक, अधीक्षक, पर्यवेक्षक, परीक्षक हे सर्व शब्द झाले. 'अध्यक्ष' ह्या शब्दात 'अक्ष' म्हणजे डोळा आहे; वरून पाहणारा तो अध्यक्ष. आज सभेच्या मधल्या खुर्चीत बसून शेवटी बोलणाऱ्यास आपण अध्यक्ष म्हणतो, पण जुना अध्यक्ष कामाचा माणूस होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणाचे नावच 'अध्यक्षप्रचार' असे आहे. त्यात शेतीवर सीताध्यक्ष, सुतावर सूत्राध्यक्ष, जकातीवर शुल्काध्यक्ष आणि वजनमापांवर पौतवाध्यक्ष नेमलेला आढळतो. प्रत्येकाने आपापले खाते डोळ्यांखाली ठेवायचे.

'बिशप' हा शब्दही ह्याच जातीचा आहे. ग्रीक भाषेत 'एपी' म्हणजे वर आणि 'स्कोपोस' म्हणजे पाहणारा. त्यापासून 'एपिस्कोपोस' झाला. पोर्तुगीज 'बिस्पो' आणि इंग्रजी 'बिशप' ही त्याचीच झिजलेली रूपे होत. संत पौलाने मिलेत येथे इफिसच्या वडीलजनांचा निरोप घेतला, तो प्रसंग प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात आहे. तेथे हाच ग्रीक शब्द येतो आणि प्रचलित मराठी बायबलात त्यासाठी 'अध्यक्ष' हा शब्द योजिला आहे. भाषांतरकारांनी अर्थाला अर्थ आणि डोळ्याला डोळा अगदी नेमका जुळविला आहे. 'महागुरू' ह्या आदरार्थी शब्दात ती नेमकी छटा उतरत नाही, असे आमचे मत आहे. गुरू शिकवितो, अध्यक्ष पाहतो. बिशपांची दोन्ही कामे आहेत.

घरगुती मराठीत तर पाहण्याच्याही तऱ्हा आहेत. 'नजर ठेवणे' ह्यात संशय आहे, 'पाळत ठेवणे' ह्यात तो उघडच आहे. 'लक्ष देणे' ह्यात आस्था आहे. 'देखभाल' इमारतीची, 'देखरेख' कामाची व माणसांची. 'निगा' मात्र रोपाची, आजाऱ्याची, लहान मुलाची राखतात. हा शब्द फारसी 'निगाह' म्हणजे दृष्टी ह्यावरून आला. एखाद्या धर्मगुरूंनी आपल्या भाविकांवर 'नजर ठेवली' असे छापून आले तर वाचक दचकतील. 'निगा राखली' म्हटले तर कुणी दचकणार नाही, पण त्यात अधिकार दिसत नाही. आपल्या परिपत्रकांत बहुधा ह्या अडचणीमुळेच 'मार्गदर्शन' हा सोयीचा शब्द वारंवार येतो, आणि कुणी काय पाहिले हे त्यात अस्पष्ट राहते.

अधिकारपदांची नावे घडविण्याचे काम महाराष्ट्रात दोनदा मोठ्या प्रमाणावर झाले. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ नारायण हणमंते यांनी 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध केला आणि फारसी नावांना संस्कृत प्रतिशब्द दिले. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबीराचा सुमंत. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर शासनाने १९६२ साली 'पदनाम कोश' प्रसिद्ध केला. आचार्य अत्रे यांनी त्याची 'बदनाम कोश' म्हणून टर उडविली, तरी आयुक्त, संचालक, अधीक्षक हे शब्द आज कुणास खटकत नाहीत. रेल्वे स्थानकावरच्या हिंदी फलकातील 'प्रबंधक' मात्र मराठी कानास अजूनही खटकतो, कारण आपल्याकडे प्रबंध विद्यापीठास सादर करावयाचा असतो. दोन्ही कोशांच्या सावलीत 'मुकादम' तसाच टिकून राहिला. हा मूळ अरबी शब्द, अर्थ पुढे असलेला. रस्त्याच्या कामावर सकाळी हजेरी घेणाऱ्या मुकादमास कोणत्याही कोशाने हलविले नाही.

धर्मप्रांताच्या कार्यालयातील पदांना असा कोश लाभला नाही. त्यामुळे काही ठिकाणी घोटाळा होतो. 'चॅन्सेलर' हा शब्द घ्या. मुंबई विद्यापीठाचे चॅन्सेलर म्हणजे कुलपती, आणि ते पद राज्यपालांकडे असते. त्यावरून धर्मप्रांताच्या चॅन्सेलरना कुलपती म्हणणे चूक ठरेल. कॅनन क्रमांक ४८२ प्रमाणे त्यांचे मुख्य काम धर्मप्रांताच्या कार्यालयातील दस्तऐवज जमा करणे, लावून ठेवणे व जतन करणे हे आहे. जुन्या मराठीत ह्यास 'दफ्तरदार' म्हटले असते. 'व्हिकर' म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम पाहणारा. पोर्तुगीज 'विगारियो'पासून 'विगार' हा शब्द वसईत आणि गोव्यात रुळला. मराठेशाहीत अधिकाऱ्याच्या वतीने काम पाहणाऱ्यास 'मुतालिक' म्हणत. 'व्हिकर जनरल' ह्या पदास हा शब्द अर्थाने चपखल बसतो. तो पुन्हा प्रचारात येईल अशी आशा मात्र आम्ही धरीत नाही.

आता कारभाराकडे वळू. फारसी 'कारोबार' आणि मराठी 'कारभार' हे एकाच कुळातले शब्द असून फारसी 'बार' म्हणजेही ओझेच. देखरेख करणारा पाहतो, कारभारी वाहतो. ग्रामीण भागात पत्नी पतीस 'कारभारी' म्हणून हाक मारी, ती ह्याच अर्थाने. संत लूककृत शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायातील अन्यायी कारभाऱ्याचा दाखला सर्वांस परिचित आहे. धनी त्याच्याकडे पहिली मागणी करतो ती हिशेबाची. मूळ ग्रीक शब्द 'ओइकोनोमोस', म्हणजे घराची व्यवस्था पाहणारा. ग्रीक 'ओइकोस' म्हणजे घर, आणि 'डायोसिस' हा शब्दही त्याच घरातून निघाला आहे. 'दिओइकेसिस' म्हणजे व्यवस्था, कारभार. रोमन साम्राज्यात ते एका प्रशासकीय विभागाचे नाव होते, पुढे ख्रिस्तसभेने ते स्वीकारले.

ह्या अर्थभेदाच्या आधारे छपराच्या प्रश्नाचे उत्तर शोधता येते. १९८३ च्या कॅनन कायद्याप्रमाणे धर्मग्रामाच्या मालमत्तेचा कारभारी म्हणजे प्रमुख धर्मगुरू; कॅनन ५३२ तसे सांगतो. प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे, हे कॅनन ५३७ सांगतो. ती कारभारात धर्मगुरूंना साहाय्य करते. कॅनन ५३६ मधील पॅरिश कौन्सिलचे मत सल्ल्यापुरते असते. कॅनन १२७६ प्रमाणे ह्या सर्वांवर देखरेख बिशपांची. धर्मग्रामाची मालमत्ता सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेली असेल तर १९५० च्या कायद्याने धर्मादाय आयुक्तांची देखरेखही येते, आणि त्या कायद्यातील 'विश्वस्त' म्हणजे नोंदणीत ज्यांची नावे आहेत तेच. सणाच्या दिवशी झेंडा धरणारे मान्यवर नव्हेत. आता त्या भगिनींच्या प्रश्नाकडे येऊ. कॅनन १२८७ चा दुसरा भाग असे सांगतो की, भाविकांनी अर्पण केलेल्या द्रव्याचा हिशेब कारभाऱ्यांनी स्थानिक नियमांनुसार भाविकांना द्यावा. म्हणजे विचारणाऱ्या भगिनी आगाऊपणा करीत नव्हत्या. त्यांचा प्रश्न कायद्यातच लिहिलेला होता. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर पुण्यात बारभाईंनी राज्य सावरले, तरी 'बारभाई कारभार' हे शब्द मराठीत गोंधळासाठीच राहिले. अनेकांनी मिळून वाहिलेल्या ओझ्याखाली खांदा नेमका कुणाचा, हे सांगता आले नाही की असे होते.

ओझे वाहणाराच नसेल तर? त्यासाठी 'प्रशासक' हा शब्द आहे. गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्यांस तो परिचित आहे. ७ मार्च २०२२ रोजी मुंबई महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत संपली, निवडणूक झालेली नव्हती, म्हणून राज्य शासनाने आयुक्तांनाच प्रशासक नेमले. पुढील निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. अंधेरीचा के पूर्व, बोरिवलीचा आर मध्य, घाटकोपरचा एन, मुलुंडचा टी असे सर्व विभाग त्या काळात नगरसेवकांविना चालले. बिशपांचे आसन रिक्त झाले तर सल्लागार धर्मगुरूंचे मंडळ आठ दिवसांच्या आत प्रशासक निवडते. मात्र कॅनन ४२८ त्याला एक बंधन घालतो : आसन रिक्त असताना नवे काही करू नये. महापालिकेच्या प्रशासकावर असे बंधन नव्हते. शब्द एकच, पण अर्थात केवढे अंतर! मुंबईत अलीकडे ही वेळच आली नाही, कारण पुण्याचे बिशप जॉन रॉड्रिग्ज यांना ३० नोव्हेंबर २०२४ रोजी वारसाहक्कासह को-अॅडज्युटर नेमण्यात आले होते आणि २५ जानेवारी २०२५ रोजी ते आर्चबिशप झाले. 'सहायक बिशप' आणि 'को-अॅडज्युटर' ह्यांना एकच मराठी शब्द वापरल्यास हा वारसाहक्क बातमीतून गळून पडतो.

आपल्या उपनगरांना ह्याच्या उलट अनुभवही आहे. १८८६ पासून १९२८ पर्यंत साष्टीचा हा प्रदेश पोर्तुगीज पाद्रोआदोच्या दमण धर्मप्रांतात होता आणि शेजारच्या मुंबई शहरात प्रोपागांडाचे आर्चबिशप होते. १९२८ च्या करारानंतर साष्टी मुंबईस जोडली गेली आणि आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज व ब्रिटिश असावेत असे ठरले. ती अट १९५० मध्ये संपली व व्हॅलेरियन ग्रेशस आर्चबिशप झाले. त्यांच्यानंतर १९७८ मध्ये त्या आसनावर सायमन पिमेंटा आले. त्यांचा जन्म १९२० साली अंधेरीजवळच्या मरोळचा. वरून पाहणारा प्रथमच ह्या साष्टीच्या गावठाणातून आला होता.

एक शब्द आम्ही मुद्दाम मागे ठेवला होता. 'उपेक्षा' हाही 'ईक्ष्' धातूचाच शब्द आहे. उपेक्षा करणारा आंधळा नसतो. तो जवळ असतो, पाहत असतो आणि काही करीत नाही. योगशास्त्रात आणि बौद्ध परंपरेत उपेक्षा हा समतोल मनाचा गुण मानला आहे, परंतु ज्याच्यावर देखरेख सोपविली आहे त्याच्या बाबतीत मराठीने तिला दोषच ठरविले. ४ जून २०१६ रोजी पोप फ्रान्सिस यांनी काढलेल्या आदेशाप्रमाणे गंभीर निष्काळजीपणाने इतरांस मोठी हानी पोहोचू दिल्यास बिशपांना पदावरून दूर करता येते. अल्पवयीनांच्या लैंगिक शोषणाची प्रकरणे असतील तर निष्काळजीपणा गंभीर असणे तेवढे पुरे. तो अतिशय गंभीर असण्याचीही गरज नाही. बिशपांनी स्वतः गैरकृत्य केलेले असण्याची त्यात अट नाही. पाहिले आणि सोडून दिले, एवढेही पुरे आहे.

कॅनन ३९६ प्रमाणे बिशपांनी निदान दर पाच वर्षांत संपूर्ण धर्मप्रांत स्वतः वा आपल्या प्रतिनिधीकरवी पाहिला पाहिजे. ह्यास आपण 'बिशपांची भेट' म्हणतो आणि तिच्यासाठी मंडप, बँड व शालींची तयारी करतो. लॅटिन 'व्हिझितारे' हा शब्द 'पाहणे' ह्याच धातूवरून आला असून त्याचा अर्थ जाऊन पाहणे असा आहे. त्या पाहण्यात बाप्तिस्मा व विवाहाच्या नोंदवह्या येतात, स्मशानभूमी येते, हिशेबाची वही येते. आणि छप्परही.