अपयश गृहीत धरणाऱ्या ओळी

संगणकाच्या इतिहासाची जी पुस्तके आपल्या हाती येतात त्यांत निर्मात्यांची नावे ठळक असतात. भाषा कोणी घडवली, कार्यप्रणाली कोणी रचली, कंपनी कोणी उभारली याची नोंद सनावळीनिशी होते. घडवलेली वस्तू पुढची पंचवीस वर्षे चालती कोणी ठेवली याची नोंद मात्र सहसा होत नाही. वाडा बांधणाऱ्याचा शिलालेख असतो. दर पावसाळ्याआधी तोच वाडा शाकारणाऱ्याचा नसतो. या लेखात आम्ही अशाच एका शाकारणीचा इतिहास मांडू इच्छितो. विषय वाचकांना अनोळखी वाटण्याचा संभव आहे: लिनक्सवरील फाईल सिस्टिम तपासण्यासाठी लिहिलेल्या शेल स्क्रिप्ट, आणि त्या स्क्रिप्टना हात देणारी साहाय्यक फंक्शने. आम्ही मराठीचे अध्यापक. पाठचिकित्सेच्या सवयीने प्रती ताडून पाहणाऱ्याला या कोठारात बरेच काही ओळखीचे भेटते, आणि त्या ओळखीच्या बळावरच हे धाडस केले आहे.

फाईल सिस्टिम म्हणजे चकतीवरील कोऱ्या जागेला नावे, हद्दी आणि क्रम देणारी व्यवस्था. आपण एखादा लेख 'जतन' करतो तेव्हा तो चकतीवर कोठे लिहिला गेला, त्याची लांबी किती, तो कोणत्या कप्प्यात आहे, हे सारे तिने सांभाळायचे असते. आणि वीज मध्येच गेली तरी सांभाळायचे असते. तिच्यात चूक राहिली तर ती बहुधा लगेच दिसत नाही. काही महिन्यांनी कोणी जुनी फाईल उघडतो, आणि आत मजकुराऐवजी शून्ये निघतात.

सिलिकॉन ग्राफिक्स या अमेरिकन कंपनीने १९९३ साली एक्सएफएस या फाईल सिस्टिमचे काम हाती घेतले. १९९४ मध्ये ती कंपनीच्या आयरिक्स या कार्यप्रणालीबरोबर बाहेर पडली. २००० साली तिची संहिता सार्वजनिक परवान्याखाली खुली झाली आणि २००२ मध्ये ती लिनक्सच्या २.५ या विकासमालिकेत सामील झाली. एका कार्यप्रणालीसाठी लिहिलेली वस्तू दुसरीत नेताना काय मोडले आणि काय टिकले हे कळण्यासाठी चाचण्या लागतात. त्यासाठी जमलेल्या स्क्रिप्टांचा संच एक्सएफएसटेस्ट्स या नावाने ओळखला जाऊ लागला. एक्सएफएसपुरता जन्मलेला हा संच पुढे ईएक्सटी४, बीटीआरएफएस आणि इतरही फाईल सिस्टिम तपासू लागला, तेव्हा त्याला नुसते एफएसटेस्ट्स म्हणण्याची रीत पडली. संचातील काही हत्यारे तर त्याहूनही जुनी आहेत. एकाच फाईलवर यदृच्छया लिहिणे, वाचणे, छाटणे असे प्रकार करून तिचा अंत पाहणारा एफएसएक्स हा कार्यक्रम मुळात नेक्स्ट या कंपनीत अॅव्हाडिस टेव्हेनियन यांनी लिहिलेला.

चाचण्यांसाठी शेलच का निवडले? फाईल सिस्टिमचा वापर माणसे ज्या आज्ञांनी करतात (प्रत कर, हलव, पूस, जोड) त्याच आज्ञा शेलची शब्दसंपत्ती आहेत, हे एक कारण. दुसरे असे, की युनिक्सच्या कुळातील कोणत्याही यंत्रावर शेल असतेच. स्टीफन बोर्न यांचे शेल १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आले आणि त्याचा वारस बॅश १९८९ मध्ये. भाषेच्या अभ्यासकाला गंमत वाटावी अशी एक गोष्ट येथे आहे. बोर्न यांना अल्गोल ६८ या भाषेचा लळा होता. त्यामुळे 'इफ'ने उघडलेले वाक्य तीच अक्षरे उलटी लिहून, 'फाय'ने, मिटते. मात्र शेल ही मोठ्या ग्रंथाची भाषा नव्हे, ती चिठ्ठीची भाषा आहे. हजारो चिठ्ठ्या एकत्र बांधून त्यांचा ग्रंथ चालवायचा म्हटले की अडचणी सुरू होतात, आणि त्या निस्तरणे हेच या संचाच्या साहाय्यक फंक्शनांचे काम.

संचातील पहिली चाचणी, क्रमांक ००१, अगदी साधी आहे. ती एका फाईलची प्रत करते, त्या प्रतीची प्रत करते, अशी साखळी वाढवत नेते आणि अखेरीस पहिली व शेवटची प्रत ताडून पाहते. पोथ्यांच्या परंपरेत नकलकारांच्या पिढ्यांमागून पिढ्या जे करत आल्या आणि नंतर संपादक जे तपासत आले, तेच हे. फरक इतकाच की येथे एकाही अक्षराच्या बदलाला माफी नाही. प्रत्येक चाचणीसोबत एक दुसरी फाईल असते. चाचणी नीट पार पडली तर पडद्यावर काय उमटावे याचा तो नमुना. आपल्या परिभाषेत प्रमाण पाठ. 'चेक' नावाची मुख्य स्क्रिप्ट चाचणी चालवते, प्रत्यक्ष उमटलेला मजकूर प्रमाण पाठाशी ताडते आणि पाठभेद आढळला तर चाचणी नापास करते.

जुन्या चाचण्यांच्या आरंभी आठ-दहा ओळींचे एक ठरलेले मंगलाचरण असे. चाचणीचे नाव काय, तात्पुरत्या फाईली कोठे ठेवायच्या, मध्येच थांबावे लागले तर आवराआवर कोणी करायची, इत्यादी. त्यात एक ओळ निकालाची. निकाल म्हणून तेथे १, म्हणजे अपयश, हा अंक आधीच लिहून ठेवलेला असतो, आणि शेजारच्या टिपणात अपयश हेच मूळ गृहीत असल्याचे बजावलेले असते. स्क्रिप्ट शेवटच्या ओळीपर्यंत सुखरूप पोहोचली तरच तेथे ० लिहिले जाते. मध्ये कोणी तिला थांबवले, एखादी आज्ञा सापडली नाही, यंत्र अडले, तर निकाल आपोआप अपयशाचा राहतो. या एका ओळीत संपूर्ण संचाची वृत्ती उतरली आहे असे आम्हांला वाटते. परीक्षार्थी उत्तीर्ण आहे असे धरून चालणारी परीक्षा आणि तो अनुत्तीर्ण आहे असे धरून चालणारी परीक्षा, यांतली दुसरी निष्ठुर दिसते. पण येथे परीक्षा द्यायची आहे ती लोकांच्या दस्तऐवजांच्या रखवालदाराला.

खरी कसोटी मात्र 'कॉमन' या कप्प्यात आहे. सर्व चाचण्यांना लागणारी सामाईक फंक्शने तेथे राहतात, आणि डागडुजीचा मोठा भाग तेथेच चालतो. त्यांतील गाळण्यांचा विचार करू. प्रमाण पाठ एकच, पण यंत्रे अनेक. एकाच्या चकतीचे नाव वेगळे, दुसऱ्याचा कप्पा वेगळा. म्हणून उमटणाऱ्या मजकुरातून स्थानिक नावे गाळून त्यांच्या जागी ठरीव शब्द घालावे लागतात. भाषाही बांधून टाकावी लागते, नाहीतर जर्मन यंत्रावर चूक जर्मनमध्ये उमटेल आणि पाठ जुळणार नाही. बारकावा किती असावा? फाईलींची यादी दाखवणारी आज्ञा एसईलिनक्स ही सुरक्षाव्यवस्था चालू असलेल्या यंत्रावर परवानग्यांच्या अक्षरांपुढे एक टिंब देते. तेवढ्या टिंबाने पाठभेद होतो. ते पुसण्यापुरते एक स्वतंत्र साहाय्यक फंक्शन या संचात आहे. गाळणी बारीक केली की निरुपद्रवी भेदांवर आरडाओरड होते, आणि चार वेळा खोटी हाक ऐकलेला माणूस पाचव्यांदा उठत नाही. ती सैल केली तर खरा दोष तिच्यातून निसटतो. हा तोल एकदा साधून भागत नाही. खालची हत्यारे आपली बोली दर काही वर्षांनी बदलत असतात, आणि दर वेळी कोणाला तरी गाळणी पुन्हा विणावी लागते.

याहून अवघड प्रश्न मदत करणाऱ्या फंक्शनच्या सौजन्याचा आहे. चाचणीआधी एका राखीव चकतीवर नवी फाईल सिस्टिम घालावी लागते. तपासणारा आपल्या पसंतीची वळणे सांगतो, उदाहरणार्थ ठोकळ्याचा आकार लहान ठेव. शिवाय चाचणीची स्वतःची काही वळणे असतात. दोन्ही एकत्र जुळत नसतील तर चकती घडवणारी आज्ञा फसते. अशा वेळी एक्सएफएससाठीचे फंक्शन अनेक वर्षे असे करत आले, की तपासणाऱ्याची वळणे गुपचूप बाजूला ठेवायची आणि फक्त चाचणीची वळणे घेऊन पुन्हा प्रयत्न करायचा. तपशिलाच्या नोंदवहीत तसा उल्लेख होई. पण उत्तीर्ण झालेल्या चाचणीची नोंदवही कोण उघडतो? तपासणाऱ्याची समजूत अशी की लहान ठोकळ्यांची फाईल सिस्टिम तपासून झाली. वास्तविक ती कधी घडलीच नव्हती. दुसरी खोड खुद्द शेलची आहे. एका आज्ञेचा मजकूर नळीवाटे दुसरीकडे दिला की निकाल दुसरीचा धरला जातो. चकती घडवणारी आज्ञा फसली आणि तिचा मजकूर गाळणीतून गेला, तर गाळणी आपले काम चोख केल्याचे सांगते. पुढे चाचणी चालते ती चकतीवर आधीच असलेल्या जुन्या फाईल सिस्टिमवर, आणि कदाचित उत्तीर्णही होते. मोडलेली चाचणी ओरडून सांगते. खोटे बोलणारी चाचणी सर्वांना निर्धास्त करते. म्हणूनच या संचाच्या इतिहासात 'चकती घडली नाही तर येथेच थांब' एवढीच एक शर्त घालणाऱ्या दुरुस्त्या पुनःपुन्हा आढळतात. त्या वाचायला कंटाळवाण्या आहेत. आमच्या मते इतिहासाचा मजकूर तोच आहे.

२००९ साली सिलिकॉन ग्राफिक्सचे दिवाळे निघाले. रॅकेबल सिस्टिम्सने तिची मालमत्ता विकत घेऊन नावही धारण केले. कंपनी गेली, पण स्क्रिप्ट राहिल्या, कारण तोवर त्या अनेक कंपन्यांच्या अभियंत्यांच्या रोजच्या कामाचा भाग झाल्या होत्या. पुढच्या काळात डेव्ह चिनर, एर्यु ग्वान, झोरो लँग अशांनी त्यांच्या सांभाळाची जबाबदारी वाहिली. चाचण्या एकाच कप्प्यात ओळीने क्रमांक देऊन ठेवलेल्या होत्या. त्यांची संख्या तीनशेच्या घरात पोहोचल्यावर, २०१३ मध्ये, त्यांची विभागणी झाली. सर्वांना लागू त्या एका कप्प्यात, एकेका फाईल सिस्टिमच्या खास त्या आपापल्या कप्प्यात. आज सर्वसामान्य कप्प्यातलेच क्रमांक सातशेच्या पुढे गेले आहेत.

वर सांगितलेले मंगलाचरण या शेकडो चाचण्यांत शब्दशः उतरवलेले होते. नवी चाचणी लिहिणारा जुनीची नक्कल करी, आणि नकलेबरोबर जुन्या चुकाही उतरत. नकलकारांच्या वंशावळी लावणाऱ्या संपादकांना हे नवे नाही. कोणती चाचणी कोणत्या गटात मोडते याची यादीही वेगळ्या फाईलीत हाताने लिहावी लागे. दोघांनी एकाच वेळी नवी चाचणी पाठवली की दोघांचेही हात त्याच यादीच्या शेवटच्या ओळीवर पडत. २०२१ मध्ये डॅरिक वाँग यांच्या पुढाकाराने ते मंगलाचरण एका सामाईक फंक्शनमध्ये गेले, गटांची नावे प्रत्येक चाचणीच्या आरंभीच लिहिली जाऊ लागली आणि यादी आपोआप तयार होऊ लागली. शेकडो फाईलींत हात घालणारा हा बदल कोणत्याही वापरकर्त्याला दिसला नाही. असे काम करण्यात कीर्ती थोडी आणि जोखीम मोठी, कारण सामाईक फंक्शनमधली एक चूक सगळ्या चाचण्यांना एकदम लागते.

एवढा खटाटोप कशापायी, असे कोणी विचारील. २००९ च्या आरंभी ईएक्सटी४ नवी असताना यंत्र अचानक बंद पडल्यावर काही वापरकर्त्यांच्या फाईली शून्य लांबीच्या निघाल्या. मजकूर चकतीवर उतरवणे लांबणीवर टाकण्याची तिची रीत वेगासाठी होती, आणि जुन्या ईएक्सटी३ ला सरावलेले कार्यक्रम तिच्याशी जुळवून लिहिलेले नव्हते. थिओडोर त्सो यांनी कारणमीमांसा केली आणि फाईल बदलण्याच्या नेहमीच्या प्रकारांत मजकूर लवकर उतरावा अशी सोय करण्यात आली. दोष कोणाचा यावर तेव्हा पुष्कळ वाद झाला. तो आम्ही येथे उकरत नाही. अशा प्रसंगांची तालीम करायची तर वीज जाण्याचे सोंग आणावे लागते. या संचात चालती फाईल सिस्टिम एकाएकी बंद पाडणारे हत्यार आहे. लिहिलेले मध्येच गिळून टाकणारी खोटी चकती उभी करणारी फंक्शने आहेत. आणि २०१५ मध्ये कर्नलमध्ये आलेल्या सोयीच्या आधारे प्रत्येक लेखनाची क्रमवार नोंद ठेवून कोणत्याही क्षणापाशी थांबून पाहणारीही आहेत. तरीही सारे पकडले जाते असे नाही. २०१८ च्या अखेरीस लिनक्स ४.१९ वर ईएक्सटी४ च्या फाईली बिघडू लागल्या, तेव्हा मूळ दोष फाईल सिस्टिमच्या खालच्या थरात, चकतीकडे मागण्या पाठवणाऱ्या भागात, निघाला.

आयरिक्सची यंत्रे घडवणे कंपनीने २००६ च्या अखेरीस थांबवले आणि २०१३ च्या अखेरीस आधारही संपला. तरी ही चाचणी कोणत्या कार्यप्रणालीवर चालते हे सांगणारी ओळ, आणि तिच्यातले आयरिक्सचे नाव, पुष्कळ चाचण्यांत दीर्घकाळ तसेच होते. पुढे लिनक्सखेरीज कोणी उरले नाही, तेव्हा ती ओळच सर्व चाचण्यांतून काढण्यात आली. चाचणी ००१ अजून रोज कोठे ना कोठे चालते. तिच्या माथ्यावर सिलिकॉन ग्राफिक्सचा हक्कलेख आहे.